दोन नावांचा तलाव

अर्जुनी मोरगावच्या ग्रामीण रुग्णालयात
एक्स-रे खोलीमागे, जिथे आधी बँडेजच्या पेट्या असायच्या,
रात्री अकराला मी फरशीवर बसलेय, मांडीवर लॅपटॉप.
समोर दोन होस्ट, तीन साठे.
पहिला साठा जुना, चार डिस्कचा, त्यातली एक कण्हते.
दुसरा जिल्ह्यावरून आला, अंगावर अजून आवक-जावकचा शिक्का.
तिसरा देणगीचा,
त्याच्यावरची पाटी त्याच्याहून मोठी.

या दोन होस्टांच्या पोटात अकरा यंत्रं राहतात
ज्यांना हात लावता येत नाही.
एक केसपेपर काढतं. एक सलाईनच्या बाटल्या मोजतं.
एकात सिकलसेलची नोंदवही:
चार हजार दोनशे सोळा नावं,
कोण वाहक, कोण पीडित,
आणि लग्नाच्या बोलणीआधी
कोण येऊन दबक्या आवाजात विचारून गेलं, ती तारीखसुद्धा.

यंत्र चालतं इथे, त्याची डिस्क तिथे,
मध्ये फक्त निळी वायर,
आणि निळी तुटलीच तर पिवळी, दुसऱ्या स्विचमधून.
एक होस्ट पडला तर दुसऱ्यानं उचलायचं.
म्हणून दोघांना तिन्ही साठे दिसायला हवेत.
सारखे.

दिसतात.
दोघांनाही दिसतात, मी शपथेवर सांगते.
परवानग्या दिल्या, फाइल उघडली, मिटली,
पिंगला उत्तर येतंय, एकही थेंब गळत नाही.
तरी नोंदवहीचं यंत्र पहिल्यावरून दुसऱ्यावर जायला तयार नाही.
लाल अक्षरात म्हणतं: तिकडे हा साठा नाही.
अरे, आहे!
बारा वाजून दहा मिनिटं.
स्विचच्या उबेला आलेली पाल माझ्याकडे बघते.

मोडकू कापगते दारात. रात्रीचा पहारेकरी,
दिवसा गावतलावाचा पाणकर.
कोणत्या बांधीला किती वेळ पाणी, हे त्याच्या बोटांवर.
‘का झालं बाई, मघापासून सोताशीच बोलून रायल्या?’
मी सांगते, जमेल तसं: तीन तलाव, दोन शेतं,
तुडूम उघडा आहे, पाट साफ आहे,
तरी दुसरं शेत म्हणतं, असा तलावच नाही.

तो हसतो, तंबाखू सांभाळत.
‘आमच्या तऱ्याले पारीकडचे लोक भिवाबोडी म्हनतात,
सलंगीकडचे म्हनतात नवा तरा.
एका साली दोघायनं दोन अर्ज केले.
सायबाले वाटलं तलाव दोन.
एकाच पान्याचे दोन परवाने देल्ले बाई!
मंग मी रातभर पारीवर, काठी घेऊन.’

मी हसत नाही.
मी पहिल्या होस्टवर बघते: साठा आकड्यांनी जोडलेला,
चार ठिपक्यांमधला पत्ता.
दुसऱ्यावर: तोच साठा, नावानं.
पाणी एकच. होस्टांच्या लेखी मात्र तलाव दोन.
वही उघडते, हे कोणी केलं ते शोधायला.
जून महिना. माझंच अक्षर.

मग सगळं उलटं:
दुसऱ्यावरची यंत्रं एकेक करून बंद,
साठा सोडवायचा, पुन्हा जोडायचा,
आकड्यांनी, अक्षरशः तसाच,
शेवटची तिरकी रेघसुद्धा तिथेच जिथे पहिल्यावर आहे.
मोडकू उभाच. ‘दोन तुडूम एका बखती उघडू नोका’, म्हणतो.
मी मान हलवते. दोन होस्टांनी एकाच डिस्कवर
एका क्षणी लिहिलं की काय उरतं, ते मी पाहिलंय
तुमसरला, एका बँकेत. त्याबद्दल नको.

चौदा टक्के. एकतीस. तिथेच थांबतं.
वॉर्डात कुणाचं तरी बाळ ढास लागून रडतं, उगी होतं.
सत्तर.
पिंगची एक ओळ चुकते, फक्त एक,
आणि चार हजार दोनशे सोळा माणसं
झोपेत एका पेटीतून दुसऱ्या पेटीत जातात.

पहाटे चहा. कण्हणारी डिस्क कण्हतेच आहे,
तिचं मागणीपत्र मार्चपासून गोंदियात कुठेतरी.
मी चिकटपट्टीवर पत्ता लिहून साठ्यावर लावला:
नाव वापरू नये.
बॅग भरून वळले तर पट्टीखाली खडूनं,
वाकड्या अक्षरात:
भिवाबोडी.

पुसायला हवं होतं.
माझी सहाची गाडी होती.